‘प्रिय ग्राहक’ या मायन्याला उत्तर

प्रति,
आपापल्या गावाचे वा शहराचे नाव लावून खेळणाऱ्या संघांचे मालक, संचालक व व्यवस्थापक यांस,

विषय: आमच्या चार हंगामी जागा रद्द केल्याबाबत आलेले पत्र, आणि त्या निमित्ताने गावचा संघ कोणाचा, याविषयी.

सन्माननीय महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांच्या नावे एक पत्र आले. आमच्या गावच्या फुटबॉल संघाची मालकी अलीकडेच बदलली आहे. मैदानाच्या पूर्वेकडील सज्जाची फेररचना करून तेथे निमंत्रितांसाठी बंदिस्त कक्ष बांधायचे असल्यामुळे आमच्या चार हंगामी जागा पुढील वर्षापासून राहणार नाहीत, त्यांच्या बदल्यात समोरच्या बाजूस चार निरनिराळ्या ओळींत चार जागा देता येतील, शिवाय संघाचे बोधचिन्ह आणि जर्सीचा रंग ‘अधिक व्यापक प्रेक्षकवर्गाच्या दृष्टीने’ बदलण्याचा विचार चालू आहे, असे त्यात कळवले होते. पत्र सभ्य होते, मुद्देसूद होते आणि शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडली नसती. वडिलांनी ते दोनदा वाचले आणि मायन्यावर बोट ठेवून मला विचारले, ‘‘हा ग्राहक कोण?’’

मायना ‘प्रिय ग्राहक’ असा होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना त्या दिवशी दिले नाही. ते आपणां सर्वांस देते आहे. आमच्या संघाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असे पत्र उद्या कोणत्याही गावातल्या कोणत्याही घरात येऊ शकते आणि ते लिहिणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटणारही नाही.

माझे आजोबा, वडील, दोन आत्या, थोरला भाऊ आणि मी असे आम्ही सगळे एकाच संघाचे. ‘समर्थक’ हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारला नाही. ‘आज आपला सामना कोणाशी?’ एवढेच विचारले जाई. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला ऑफसाइडचा नियम ठाऊक नव्हता आणि तो समजून घेण्याची तिची इच्छाही नव्हती. पण या घराचे वेळापत्रक कशावर चालते, हे तिने वर्षभरात अचूक ओळखले. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी असेल तर संघ जिंकेपर्यंत थांबायचे, हे आम्हा भावंडांना तिनेच शिकवले. एका हंगामात संघ सलग सहा सामने हरला आणि भावाचे सहामाही प्रगतिपुस्तक दीड महिना दप्तरातच राहिले. शेवटी वर्गशिक्षकांचा निरोप आला, तेव्हा आईने स्वतःच सही करून तो विषय मिटवला.

आजोबांकडे एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबासाठी वापरतात तशी. प्रत्येक सामन्याला त्यात एक ओळ असे: तारीख, प्रतिस्पर्धी, गोल आणि शेवटच्या रकान्यात पंचांविषयी एक शब्द. जिंकलो तर नोंद निळ्या शाईने, हरलो तर पेन्सिलीने. कारण विचारल्यावर ते म्हणत, की पराभव पुढेमागे खोडता आला पाहिजे. पण त्यांनी तो कधी खोडल्याचे कोणाला आठवत नाही. एका पानावर मात्र एकच ओळ आजीच्या अक्षरात आहे. उपांत्य सामन्यात अगदी शेवटी आपल्याच खेळाडूचा पाय लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आजोबांनी वही भिरकावली, आजीने ती उचलली, गोलसंख्या लिहिली आणि पंचांच्या रकान्यात आजोबांविषयी एक शब्द लिहिला. तो शब्द या पत्रात देण्याजोगा नाही. अशा वह्या आता चार झाल्या असून पहिल्या दोन आजोबांच्या आणि पुढच्या दोन वडिलांच्या हातच्या आहेत.

मी सात वर्षांची असताना परगावच्या एका सामन्याचे समालोचन रेडिओवर लागले होते. मी काही कारणाने स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून, एका पायावर उभी होते, आणि नेमका त्याच क्षणी आमच्या संघाने बरोबरी साधली. त्यानंतर पुढची अकरा वर्षे प्रत्येक महत्त्वाच्या सामन्याला मला त्याच चौकटीत उभे केले गेले. वडील शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे हा शुद्ध भ्रम आहे, हे घरात सर्वांत चांगले त्यांनाच कळत होते. पण कळणे वेगळे आणि उगाच धोका पत्करणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे.

हे सारे गोड करून सांगण्याचा माझा हेतू नाही. एकदा मी त्या चौकटीत उभी न राहता मैत्रिणीकडे निघून गेले, संघ हरला, आणि थोरल्या आत्याने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्यामुळे अकरा मोठी माणसे हरली असे खरोखर वाटू शकते, हे मी अनुभवाने सांगते. पराभवाच्या संध्याकाळी घरात जी शांतता पसरे, तिच्यात मुलांनी पाऊल न वाजवता चालायला शिकणे हे काही संस्कारांचे लक्षण नव्हे. माझ्या भाचीला मी कोणत्याही चौकटीत उभी करणार नाही, हे भावाला मी लेखी कळवले आहे.

तरीही ‘ग्राहक’ या शब्दाने वडिलांना जे लागले, ते का लागले, हे आपण समजून घ्यावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी अधिक दिसतात, आणि सामन्याचे वर्णन करताना विजयाच्या वेळी ‘आपण जिंकलो’ तर पराभवाच्या वेळी ‘ते हरले’ असे बोलण्याकडे कल असतो, असे त्यांना आढळले. हा अभ्यास मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले, कारण आमच्या घरात हिशेब उलटा होता. जिंकलो की खेळाडूंची नावे घेऊन त्यांचे कौतुक व्हायचे आणि हरलो की ‘आपण हरलो, आपली मागची फळी कच्ची आहे’ असे म्हटले जायचे. ‘ते’ हे सर्वनाम आमच्याकडे केवळ व्यवस्थापनासाठी राखून ठेवलेले होते. दुसऱ्याच्या विजयात मिरवणारा माणूस आणि पराभव अंगावर घेणारा माणूस एकाच दराचे तिकीट काढत असल्यामुळे आपल्या हिशेबात त्या दोघांतला भेद दिसत नसावा.

आता त्या चार जागांविषयी. पूर्वेकडच्या सज्जात त्या एकमेकींना लागून आहेत, आणि कोणी कोठे बसायचे हे आजोबांच्या काळापासून ठरलेले आहे. भावाने वडिलांच्या मर्जीविरुद्ध शिक्षण अर्धवट सोडून दुसऱ्या व्यवसायात उडी घेतली, तेव्हा त्या दोघांचे बोलणे जवळजवळ वर्षभर बंद होते. घरात एक आला की दुसरा उठून जाई. परंतु सामन्याच्या दिवशी दोघेही मैदानावर जात, कारण न जाणे हा पर्याय दोघांच्याही मनात आला नाही. आणि जागा शेजारी असल्यामुळे त्यांना शेजारीच बसावे लागे. पहिल्या काही सामन्यांत ते समोर पाहत गप्प बसले. मग एका सामन्यात आमच्या डाव्या बचावपटूने इतका ढिसाळ खेळ केला, की वडील न राहवून म्हणाले, ‘‘याला पुढे जाण्याची काय घाई असते?’’ भाऊ म्हणाला, ‘‘मागे त्याला कोणी झाकत नाही, तो तरी काय करणार?’’ त्या हंगामात ते दोघे केवळ त्या डाव्या बचावपटूविषयी बोलले. मी भावाच्या पलीकडच्या जागेवर बसून ऐकत असे आणि कोणत्या वाक्यात खेळाडू आहे व कोणत्या वाक्यात भाऊ आहे, हे मला पुढे पुढे ओळखू येऊ लागले. त्या खेळाडूला पुढच्या वर्षी संघातून वगळले, पण तोवर त्याचे आमच्या घरातले काम झाले होते.

चार निरनिराळ्या ओळींतून हे संभाषण झाले नसते. आपल्या पत्रात ‘समतुल्य जागा’ असा शब्द आहे. मैदान तेथूनही तितकेच दिसेल, कदाचित अधिक चांगले दिसेल, हे मला मान्य आहे.

संघ हलवणे, त्याचे नाव बदलणे, त्याचा रंग बदलणे हे मालकाच्या अधिकारात येते, असे आपल्यापैकी अनेकांचे मत असेल, आणि कायद्याच्या भाषेत ते बहुधा खरेही ठरेल. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचा कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ २९ मार्च १९८४ च्या पहाटेपर्यंत मालवाहू गाड्यांत भरून इंडियानापोलिसला नेला गेला. रात्रीत सगळे सामान गेले. पण संघाच्या वाद्यवृंदाचे गणवेश धुलाईला दिलेले होते, म्हणून ते मागे राहिले. त्या वाद्यवृंदाने पुढे जे केले ते मला कोणत्याही विजेतेपदापेक्षा मोठे वाटते. ज्या संघासाठी वाजवायचे तो संघच शहरात नसताना ते लोक सरावाला जमत राहिले, मिरवणुकांत आणि इतरांच्या सामन्यांत वाजवत राहिले, आणि १९९६ साली शहराला नवा संघ मिळेपर्यंत बारा वर्षे त्यांनी ते सोडले नाही. तो नवा संघ उभा राहिला तो क्लीव्हलंड शहराचा संघ उचलून, ही त्यातली कडू बाजू. क्लीव्हलंडचे लोक मात्र हट्टाला पेटले आणि संघ गेला तरी त्याचे नाव, रंग आणि इतिहास शहरातच राहील, असे त्यांनी पदरात पाडून घेतले. १९९९ मध्ये त्याच नावाने तेथे पुन्हा संघ उतरला.

लंडनमधल्या विम्बल्डनची गोष्ट आपल्या व्यवसायात सर्वांना ठाऊक असेल. मे २००२ मध्ये एका त्रिसदस्य समितीने विम्बल्डनचा फुटबॉल संघ मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी दिली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा संघ स्थापन केला, सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड-चाचणी घेतली आणि इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत नवव्या पायरीवरून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ साली, तो संघ व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या मूळच्या प्लाऊ लेन या परिसरात, नव्या मैदानावर परतला. इतकी वर्षे ज्यांनी हे ओढून नेले, त्यांतल्या कोणाला आपण ‘ग्राहक’ म्हणाल? ग्राहकाला दुकान आवडले नाही तर तो दुसरीकडे जातो. स्वतः विटा रचत बसत नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. १९११ साली एक खेळाडू वगळता अनवाणी खेळून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या, १८८९ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या मोहन बागानच्या नावाला, त्याच शहरातल्या एटीके या दुसऱ्या संघाशी विलीनीकरण झाल्यावर, २०२० साली ‘एटीके’ ही अक्षरे जोडली गेली. संघ जिंकत असतानाही ती अक्षरे काढा म्हणून त्याचे लोक तीन वर्षे आग्रह धरून राहिले आणि २०२३ मध्ये ती निघाली. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये तर हैदराबादचा डेक्कन चार्जर्स हा २००९ चा विजेता संघ २०१२ मध्ये बरखास्त झाला, कोची एका हंगामात संपला, आणि पुण्याने २०११ ते २०१३ एक संघ व २०१६-१७ मध्ये दुसरा असे दोन संघ पाहिले. त्यातला दुसरा संघ अंतिम सामना एका धावेने हरला आणि तोच त्याचा शेवटचा सामना ठरला. ज्या मुलाने आठव्या वर्षी त्या एका धावेसाठी रडून घेतले, त्याला पुढच्या वर्षी कोणासाठी रडायचे, हे कोणी सांगितले नाही. करारच तेवढ्या वर्षांचा होता, हे खरे. पण आठ वर्षांच्या मुलाने करार वाचलेला नसतो.

रंगाविषयी एकच सांगते. वेल्समधील कार्डिफ सिटी हा निळ्या जर्सीचा संघ, त्याचे टोपणनावही निळ्या पक्ष्यावरून पडलेले. २०१२ मध्ये मालकांनी जर्सी लाल केली. पुढच्याच हंगामात संघ वरच्या श्रेणीत गेला, म्हणजे यशाचा मोबदला रोख मिळाला. तरीही लोकांचा विरोध निवला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला. आमच्या घरात आजोबांची जी जर्सी आहे, ती आता भाचीला गुडघ्यापर्यंत येते. रंग बदलल्यावर ती जुन्या कपड्यांत जमा होईल, एवढाच आमच्या बाजूचा आर्थिक मुद्दा आहे.

आपली बाजू मला समजत नाही असे नाही. जुने सज्जे कोसळतात, खेळाडूंना वेळेवर मानधन द्यावे लागते, भावनेवर वीजबिल भरले जात नाही, आणि पैशाविना बंद पडलेल्या संघांच्या समर्थकांचे दुःख आमच्याहून मोठे आहे. बंदिस्त कक्षांतून येणाऱ्या उत्पन्नावर मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च निघणार असेल, तर मी त्या कक्षांच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पैसा आणि आपलेपणा यांत एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतक तपासून पाहावे. अमेरिकेतील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे शहर. तेथील पॅकर्स हा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. त्याच्या भागांवर लाभांश मिळत नाही, ते नफ्याने विकता येत नाहीत, तरी आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लोक नवजात बाळांची नावे घालतात. जर्मनीत फुटबॉल क्लबांनी कंपन्या काढल्या तरी निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या संस्थेकडे राहिला पाहिजे, असा नियम आहे. त्याला अपवाद आहेत, पळवाटाही काढल्या गेल्या आहेत, आणि त्या पद्धतीने सर्व प्रश्न सुटले असे तेथील लोकही म्हणत नाहीत. परंतु मत मागितले जाते, ही गोष्ट लहान नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा बड्या क्लबांनी कोणाला न विचारता स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली, तेव्हा त्यांतील सहाही इंग्लिश क्लबांना समर्थकांच्या रोषामुळे दोन दिवसांत माघार घ्यावी लागली. विचारण्याचा खर्च त्याहून खचितच कमी आला असता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ १०८ वर्षांनी विजेता झाला, तेव्हा लोक त्याच्या मैदानाच्या विटांच्या भिंतींपाशी खडू घेऊन आले आणि तो दिवस न पाहता गेलेल्या आपल्या आई-वडिलांची, आजोबा-आजींची नावे त्यांनी भिंतीवर लिहून काढली. ती छायाचित्रे वडिलांनी मला दाखवली आणि उठून आजोबांच्या दोन्ही वह्या कपाटातून काढल्या. वाचल्या नाहीत; टेबलावर ठेवल्या आणि रात्री पुन्हा आत ठेवून दिल्या. आमचा संघ अद्याप काही मोठे जिंकलेला नाही.

म्हणून आपणांस विनंती अशी, की संघाचे गाव, नाव, रंग आणि चिन्ह यांपैकी काहीही बदलायचे असेल, तर हंगामी तिकीटधारकांचे मत आधी घ्यावे, निर्णय झाल्यावर कळवू नये. जी कुटुंबे एकत्र बसतात त्यांच्या जागा हलवाव्याच लागल्या, तर एकत्रच हलवाव्यात. आणि लहान मुलांना घेऊन येता येईल अशा वेळी व अशा दरात हंगामातले निदान काही सामने ठेवावेत, कारण बाराव्या वर्षानंतर प्रथमच मैदानावर आलेला मुलगा चांगला प्रेक्षक होईल, पण पेन्सिलीने पराभव लिहून ठेवणारा होण्याची शक्यता कमी. मायना बदलण्याचा आग्रह मी धरत नाही. ‘ग्राहक’ लिहिणे सोयीचे असेल तर खुशाल लिहावे. आमच्या घरातून त्याला उत्तर मात्र ‘आपण’ या सर्वनामानेच येईल.

आमच्यापुरते सांगायचे तर, भाची येत्या हंगामात पाच वर्षांची होत असून तिला प्रथमच मैदानावर आणायचे आहे. वडिलांच्या गुडघ्यांमुळे त्यांना कडेची जागा लागते, भाऊ त्यांच्या शेजारी बसतो, मी त्याच्या पलीकडे, आणि आजोबांची चौथी जागा तिची. सज्जा कोणताही चालेल. ओळ एकच हवी. ते शक्य नसेल तर तिकिटांचे पैसे भरण्याच्या मुदतीपूर्वी तसे कळवावे, म्हणजे घरी रेडिओ दुरुस्त करून घेता येईल. चौकटीत उभे राहायला, नाइलाजाने, मी आहेच.

कळावे,

आपली विश्वासू,
चार जागांपैकी तिसऱ्या जागेवर बसणारी एक समर्थक